जालन्याच्या द्राक्षाची वाईन

[दृश्य : अंधारातील तोडणी, कपाळावर बॅटरी बांधलेल्या मजूर स्त्रिया]

जालना तालुक्यातील या बागेत उजाडण्यापूर्वीच द्राक्षांची तोडणी निम्म्यावर आली आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस येथे दुपारचे ऊन तापू लागते, आणि तापलेल्या घडातील फुटक्या मण्यांचा रस क्रेटमध्येच आंबू लागतो. म्हणून सूर्य वर येण्याआधी शेवटचा क्रेट वायनरीच्या दारात पोहोचला पाहिजे, असा येथील दंडक आहे. वायनरी बागेला लागूनच आहे. तिच्या फाटकावर अजून पाटी लागलेली नाही, आणि आजूबाजूच्या गावांत ती केवळ ‘द्राक्षाचा कारखाना’ म्हणून ओळखली जाते.

[दृश्य : ड्रोनमधून शेततळी आणि बागा]

वरून दिसणारी ही चौकोनी तळी या बागांचा खरा आधार आहेत. याच तालुक्यातील कडवंचीने गेल्या शतकाच्या अखेरीस इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून माती अडवली, पाणी जिरवले आणि त्या पाण्यावर द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. पुढे प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांमुळे उन्हाळ्यातही वेल जगवता येऊ लागले.

तसे पाहता मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद करून ठेवली आहे. युरोपात थंडीमुळे वेल झोपी जातो. दख्खनच्या उबेत त्याला तशी विश्रांती मिळत नाही. त्यामुळे येथील बागायतदार वर्षातून दोन छाटण्या घेतो : एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी. पीक मात्र तो एकच घेतो.

[दृश्य : हातातील दोन घड, एक खाण्याच्या द्राक्षाचा, एक शिराझचा]

डाव्या हातातील थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाचा घड बाजारासाठी वाढवलेला आहे. त्याचे मणी लांबट आणि टपोरे व्हावेत म्हणून त्याला जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संजीवक दिले जाते, घडाची विरळणी केली जाते. उजव्या हातातील शिराझ या वाईनच्या द्राक्षाचे मणी काळे, बारीक आणि जाड सालीचे आहेत, आणि ते तसेच राहावेत यासाठी बागायतदाराला आपल्या हाताची अनेक वर्षांची सवय मोडावी लागली. काळ्या द्राक्षाचा गरही बहुधा फिकाच असतो. वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध सालीत असतो, त्यामुळे मणी फुगला की रसाच्या मानाने साल कमी पडते. वजनावर पैसे मिळवण्याची रीत येथे उपयोगाची नाही, आणि मराठवाड्यातील मोजक्या पाण्याच्या बागायतीला हे पीक शोभते, ते आमच्या मते याच कारणाने.

तोडणी कधी करायची, हे रसातील साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठरते; ही साखर ब्रिक्स या एककात मोजतात. खाण्याचे द्राक्ष १८ ब्रिक्सच्या आसपास उतरवले तरी चालते. वाईनचे द्राक्ष साधारण २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत वेलावर ठेवावे लागते. मात्र साखर वाढते तसे आम्ल उतरत जाते, आणि येथील उन्हात ते फार वेगाने उतरते. बागायतदाराची सारी ओढाताण साखर आणि आम्ल या दोन आकड्यांमध्ये आहे.

[दृश्य : देठ काढणारे यंत्र, प्रेस, स्टीलच्या टाक्या]

देठ वेगळे झाल्यावर पांढऱ्या द्राक्षाचा रस लगेच हलक्या दाबाने काढून थंड टाकीत घेतला जातो आणि १४ ते १६ अंशांवर दोन-तीन आठवडे सावकाश आंबवला जातो. तापमान चढले की फळांचा गंध उडून जातो, त्यामुळे या इमारतीत सर्वांत महत्त्वाची वस्तू चिलर आहे आणि त्याच्या खालोखाल जनरेटर. शिराझ मात्र सालींसकट आंबते. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करू लागले की निघणाऱ्या वायूबरोबर साली वर येऊन त्यांचा जाड थर होतो. तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबणारा हा तरुण पूर्वी याच बागेत फवारणी करीत असे. एक किलो द्राक्षातून सरासरी ६०० ते ७०० मिलिलिटर वाईन मिळते, म्हणजे एका बाटलीमागे किलोपेक्षा थोडे अधिक द्राक्ष लागते.

[दृश्य : लाकडी टेबल, तीन पेले]

या घडीला वायनरीकडे चाखण्याजोग्या तीन वाईन आहेत. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनमध्ये पिकलेल्या पेरूचा ठळक गंध आहे आणि शेवटी किंचित गोडी उरते. सॉविन्यों ब्लाँ ही दुसरी पांढरी वाईन आम्हाला पटली नाही : नाकाला हिरव्या मिरचीचा ताजेपणा जाणवतो, परंतु जिभेवर ती पातळ पडते, आणि आम्ल लवकर उतरल्याची खूण तेथेच सापडते. मागील हंगामातील शिराझ मात्र या प्रवासाचे सार्थक करते. जांभळाचा रंग आणि गंध, मागून मिऱ्याचा तिखटपणा, तुरटपणा अजून थोडा खडबडीत. तिला आणखी वर्षभर बाटलीत ठेवावे, असे आमचे मत आहे.

टेबलावर धपाटे आणि लसणाची चटणी आली, तेव्हा मात्र क्रम बदलला. तिखटाने शिराझचा तुरटपणा अधिक झोंबू लागला, आणि थंडगार शेनिनच्या गोडीने तो जाळ सावरला. वाईनबरोबर चीजच हवे, हा शहरी आग्रह मराठवाड्याच्या ताटापुढे टिकत नाही.

[दृश्य : गोदामात रचलेली खोकी]

राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आले आणि त्यातून नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. मराठवाड्याच्या वाट्याला तसे काही आले नाही. मागणी घसरली तेव्हा नाशिक भागातील शेतकऱ्यांनी वाईन द्राक्षाच्या बागा मोडल्याही आहेत, आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय विरोधानंतर बारगळला. या खोक्यांतील बहुतेक माल सध्या छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याला जातो. शेजारच्या दोन बागायतदारांनी येत्या हंगामासाठी प्रत्येकी एका एकरात डॉगरिज या जातीच्या खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या रोपावर) शिराझची कलमे भरली असून, त्यांच्या द्राक्षाचा दर वजनासोबत ब्रिक्सवरही ठरावा, याची बोलणी वायनरीच्या याच टेबलावर सुरू आहेत.