थट्टेचा लगाम

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शिकागोच्या पश्चिम भागातील वस्त्यांमध्ये जाळपोळ उसळली. त्याच वर्षी शिकागोच्या दक्षिणेला असलेल्या हार्वी या गावात, जेसीज या तरुणांच्या सेवाभावी संघटनेच्या एका बैठकीत दोन तरुणांची ओळख झाली. होय, आपल्याकडे तालुक्याच्या गावांतही जिच्या शाखा आढळतात, तीच ही जेसीज. टिम रीड हा कृष्णवर्णीय तरुण व्हर्जिनियातील नॉरफोकचा, ड्यूपाँट कंपनीत नोकरीला. टॉम ड्रीसेन हा गोरा, हार्वीतच वाढलेला आणि विम्याच्या पॉलिसी विकणारा. अमली पदार्थांपासून मुलांना सावध करण्यासाठी हे दोघे शाळाशाळांतून बोलू लागले. व्याख्यानाला मुले कंटाळतात म्हणून ते एकमेकांची फिरकी घेत बोलत. तेव्हा आठवीतील एका मुलीने त्यांना सुचवले की तुम्ही दोघे इतके हसवता, तर विनोदी जोडीच का काढत नाही?

त्यांनी ती काढली. एक गोरा आणि एक काळा अशी जोडी रंगमंचावर शेजारी उभी राहून वर्णभेदावरच विनोद करते, हे तेव्हाच्या अमेरिकेत नवल होते. क्लब गोऱ्यांचा असला की टिम एकटा पडे आणि काळ्यांचा असला की टॉम. त्यामुळे परकेपणाची चव दोघांनाही आळीपाळीने चाखावी लागली आणि माझ्या मते त्यांच्या विनोदाचे बळ याच अदलाबदलीत होते. सगळे प्रेक्षक हसलेच असे मात्र नाही. एका कार्यक्रमात एकाने जळती सिगारेट टॉमच्या चेहऱ्यावर विझवली. १९७४ च्या सुमारास जोडी फुटली. टिम दूरचित्रवाणीवरील अभिनेता झाला, टॉम पुढे अनेक वर्षे गायक फ्रँक सिनात्रा यांच्या मैफलींपूर्वी प्रेक्षकांना हसवत राहिला, पण मैत्री टिकली.

आपल्या मराठीत थट्टा आणि टवाळी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे या संदर्भात फार उपयोगाचे आहे. थट्टा ज्याची होते त्याला उलटून थट्टा करण्याची मुभा असते, टवाळीत ती नसते. आणि ईशान्येकडून पुण्या-मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलामुलींना रस्त्यात ‘चिंकी’ म्हणून हाक मारणारे नेमकी ही मुभाच हिरावून घेतात, वर ‘गंमत केली’ असेही सांगतात.

माझ्या विद्यार्थिदशेत पुण्यात माझा खोलीतील सोबती नागालँडचा होता. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार काका त्याला दर वेळी विचारीत, ‘‘कुठून आलास?’’ आणि तो मोडक्या मराठीत शांतपणे सांगे, ‘‘डेक्कनवरून. बस फार उशिरा आली.’’ मी खोखो हसत असे. एका रात्री पिठलं ढवळता ढवळता मी त्याला विचारले की त्याला या प्रश्नाचा राग येत नाही का. राग येतो, पण रोज रागावले तर साखर कुठून आणायची, असे तो म्हणाला; आणि मग, मी स्वतः पहिल्या आठवड्यात त्याला ‘तुम्ही लोक भात कशाशी खाता’ असे विचारले होते, त्या ‘तुम्ही लोक’ची त्याने हसतहसत आठवण करून दिली. पिठलं खाली लागले. त्यानंतर मात्र आमच्यात या विषयावर झाकपाक उरली नाही.

पुढच्या वेळी दुकानात गेलो तेव्हा काकांनी नवा चेहरा समजून मलाच विचारले, ‘‘आपण कुठले?’’ मी तोंड उघडण्याआधीच माझा मित्र गंभीरपणे म्हणाला, ‘‘काका, हा साताऱ्याचा आहे. पण मुलगा चांगला आहे.’’