फिलमोर ईस्ट, मार्च १९७१: सहा जणांचं ऐकणं

(हातात दोन तबकड्यांचा अल्बम, कॅमेऱ्याकडे बघत)

हेडफोन जवळ असेल तर आधी तो लावा. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम अर्धा निसटतो.

हा 'ॲट फिलमोर ईस्ट'. ऑलमन ब्रदर्स बँड, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट हे सभागृह, १२ आणि १३ मार्च १९७१. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेलं, ब्लूज, कंट्री आणि जॅझ पोटात घेतलेलं रॉक म्हणजे सदर्न रॉक. त्याचा उगम शोधायला निघालात की या सहा जणांपाशी पोचता. ड्वेन ऑलमन गिटारवर. धाकटा भाऊ ग्रेग गातो आणि हॅमंड ऑर्गन वाजवतो. दुसरी गिटार डिकी बेट्सची, बेस बेरी ओकलीचा. आणि ड्रमवर दोघं, बुच ट्रक्स आणि जेमो. जेमो कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. बँडचा मुक्काम जॉर्जियातल्या मेकन शहरात. १९६९ साली त्या भागात असा बँड एकत्र फिरणं, एकत्र जेवणं ही साधी गोष्ट नव्हती.

याआधी त्यांचे दोन स्टुडिओ अल्बम आले होते, पण खपले बेताचेच. कारण त्यांचं खरं वाजवणं फुलायचं ते मंचावर. 'व्हिपिंग पोस्ट' पहिल्या अल्बमवर पाच मिनिटांचं होतं, इथे ते २३ मिनिटांचं आहे. नुसतं ताणलेलं नाही हं. बंदिश दोन ओळींची असते आणि मैफलीत तिची बढत होत जाते ना, तसं.

त्या गाण्याची सुरुवात माझ्याबरोबर मोजा. (टेबलावर बोटाने ठेका) एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. झाले ११. ग्रेगने हे रचलं तेव्हा त्याच्या डोक्यात ११ नव्हतेच. तीनचे तीन गट, आणि परत सुरुवातीला येण्यापुरत्या दोन मात्रा, एवढंच. हे ११ आहेत, हे त्याला ड्वेनने सांगितलं! आपल्याकडे रुद्र ताल ११ मात्रांचा. तो ज्यांनी ऐकलाय त्यांना इथली सम पहिल्याच आवर्तनात सापडेल.

आता ड्वेनची स्लाइड गिटार. अल्बमचं पहिलंच गाणं लावा, 'स्टेट्सबरो ब्लूज'. तो बोटात काचेची बाटली घालून तारांवरून सरकवतो. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली! दोन सुरांच्या मधली सगळी जागा त्या काचेतून बोलते. मींड म्हणजे काय ते ज्याला कळतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'मध्ये. रचना डिकी बेट्सची. शब्द नाहीत, १३ मिनिटं फक्त वाद्यं. नाव आलं मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका थडग्यावरून. ही मंडळी तेव्हा माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवाल्यांना कान देऊन ऐकत होती. स्वर बघा, आपल्या काफी थाटाच्या अगदी जवळचे. आणि दोन गिटार एकत्र येऊन ती धून म्हणतात, मग एक जण बाजूला होतो. तो गप्प बसलाय असं वाटतं, पण मागून हळूच दुसऱ्याला सूर पुरवत असतो. मला हा अल्बम मोठा वाटतो तो याच्यासाठी. सहाही जण आधी ऐकतात, मग वाजवतात.

सातवा कान टॉम डाउडचा. हा निर्माता. तरुणपणी अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेला, पुढे कोल्ट्रेनचं ध्वनिमुद्रण करणारा. पहिल्या रात्री मंचावर अचानक सॅक्सोफोनवाले दिसले आणि तो हादरला. ते सुरात बसत नव्हते. त्याने त्यांना काढायलाच लावलं. कार्यक्रम संपला की सगळे स्टुडिओत जायचे, त्याच रात्रीच्या टेप ऐकायचे, कुठलं जमलं, कुठलं उद्या पुन्हा वाजवायचं ते ठरवायचे. 'स्टॉर्मी मंडे'मधला हार्मोनिकाचा तुकडा मात्र मूळ अल्बममधून कापला गेला. तो राहायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

जुलैमध्ये अल्बम आला. तोवर फिलमोर ईस्ट बंदही झालं होतं. २९ ऑक्टोबरला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला, २४ वर्षांचा. वर्षभराने बेरी ओकली, तसाच, त्याच शहरात, त्याच वयात. दोघंही आता रोझ हिलमध्येच आहेत, एलिझाबेथ रीडच्या त्याच दफनभूमीत.

एक शेवटची गोष्ट. 'व्हिपिंग पोस्ट' संपतं, टाळ्या सुरू होतात, तेव्हा लगेच बंद करू नका. त्या टाळ्यांखाली टिंपनी, म्हणजे मोठे नगाऱ्यासारखे ड्रम, घुमायला लागते. ते पुढचं गाणं, 'माउंटन जॅम'. ३३ मिनिटांचं ते वादन पुढच्या वर्षी दुसऱ्या अल्बमवर आलं. इथे फक्त त्याची सुरुवात ऐकू येते, आणि आवाज हळूहळू विरत जातो. ते मात्र वाजवतच राहिलेले असतात.