डावा हात

मंडळी, पत्रिकेवर ‘एका जगज्जेत्या बॉक्सरची गोष्ट’ असं छापलंय. त्यामुळं पुढं बसलेल्या पोरांना वाटलं असणार, आज मोहम्मद अली. अली येईल, पण उशिरा येईल. मला बोलायचंय ते त्याला उताणं पाडणाऱ्या जो फ्रेझरबद्दल.

आपल्या तालमीत ‘डाव’ शिकवतात. जोकडं एकच डाव होता आणि तोही डावाच. त्या डाव्या हाताची गोष्ट त्याच्या बापापासून सुरू होते.

अमेरिकेच्या दक्षिणेला साउथ कॅरोलायना राज्य आहे. तिथल्या ब्यूफर्टजवळ जो १२ जानेवारी १९४४ ला जन्मला. घरात लेकरांची रांग. जमीन दहा एकर, पण अशी पांढरी, हलकी की कापूस आणि टरबूज सोडून काही येईना. मग गोऱ्या मालकाच्या शेतात राबायचं. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला हे निराळं समजावून सांगायची गरज नाही. बाप रूबिन हातभट्टीचीही दारू गाळायचा. जो जन्मायच्या आधी एका माणसानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि रूबिनचा डावा हात गेला. म्हणून जो जरा कळता झाला तसा बापाच्या डाव्या बाजूला उभा राहायला लागला. बापानं करवत एका बाजूनं धरायची, पोरानं दुसऱ्या. औताला बाप-लेक, गाडी दुरुस्तीला बाप-लेक. माझे वडील कारखान्यावर ऊस तोडायला जायचे, तेव्हा मोळी बांधताना दुसरं टोक मी धरायचो. त्यामुळं ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पुढं जोचा स्वतःचा डावा हातही मोडला. एक भलं मोठं डुक्कर मागं लागलं, पोरगं पळताना विटेवर आदळलं. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हाड आपलंआपण जुळलं, पण वाकडं जुळलं. कोपरात हात कायमचा दुमडलेला राहिला. आता गंमत बघा, बॉक्सिंगमध्ये ‘हूक’ म्हणजे कोपर दुमडून बाजूनं फिरवून मारलेला ठोसा. इतर पोरं तो आकार वर्षानुवर्षं घटवतात. याचा हात त्या आकारातच होता. दैवानं दिलं असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही, कारण घरात दवाखान्यापुरते पैसे असते तर हात सरळ राहिला असता.

घरात टीव्ही आला आणि सगळे जमून बॉक्सिंग बघायला लागले. कुणी काका म्हणाला, हे पोरगं दुसरा जो लुई होणार; लुई म्हणजे आधीच्या पिढीतला काळा जगज्जेता बॉक्सर. पोरानं ते मनावर घेतलं. एक बारदान घेतलं, त्यात चिंध्या, मक्याची बुरकुंडं, झाडावर लोंबणारं शेवाळ आणि मधोमध एक वीट भरली. झाडाला टांगलं आणि रोज तासभर बडवलं. आमच्याकडं क्रीडा साहित्याचं अनुदान येत नाही अशी तक्रार घेऊन जे शिक्षकबंधू येतात, त्यांना मी हे सांगत नाही. अनुदान यायलाच पाहिजे. पण बारदान प्रत्येक घरात आहे.

पुढं शेतमालकानं एका काळ्या पोराला पट्ट्यानं झोडपलं. जोनं ती गोष्ट बोलून दाखवली आणि त्याचं काम गेलं. पंधराव्या वर्षी बसनं उत्तरेला, भावाकडं. मग फिलाडेल्फिया. तिथं कत्तलखान्यात नोकरी. गोदामात टांगलेल्या गुरांच्या धडांवर तो ठोसे मारायचा; पुढं सिनेमावाल्यांनी ते उचललं. तालमीत मात्र तो गेला वजन उतरवायला. विजार मांडीत अडकत होती, एवढंच कारण.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी निवड स्पर्धेत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली आणि राखीव जो गेला. उपांत्य लढतीत त्याचाही अंगठा मोडला, अर्थात डावाच. त्यानं कुणाला सांगितलं नाही. अंतिम लढतीत जर्मनीच्या हान्स हूबरला ३-२ नं हरवलं. त्या वर्षी अमेरिकेला बॉक्सिंगचं सुवर्ण एवढं एकच मिळालं.

अलीनं व्हिएतनामच्या लढाईवर जायला नकार दिला, त्याचं जगज्जेतेपद आणि बॉक्सिंगचा परवाना गेला. त्या काळात त्याला परत खेळू द्या म्हणून जोनं शब्द टाकला. १९७० मध्ये जिमी एलिस या बॉक्सरला हरवून जो निर्विवाद जगज्जेता झाला. आणि परत आलेल्या अलीनं काय केलं? जोला ‘गोऱ्यांचा बगलबच्चा’ ठरवलं. कापसाच्या रानात राबलेल्या माणसाला! मी अलीचा भक्त आहे, पण हे मला आजही पचत नाही.

८ मार्च १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आपले रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हिंदकेसरी झाले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. जो आणि अली दोघंही तोवर अजिंक्य. पंधराव्या फेरीत तो दुमडलेला हात फिरला आणि अली उताणा. आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली. तिकडं दहा मोजेपर्यंत उठायची मुभा. अली लगेच उठला, पण तिन्ही पंचांनी कौल जोला दिला.

१९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमन या बॉक्सरनं दोन फेऱ्यांत जोला सहा वेळा पाडलं. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

१ ऑक्टोबर १९७५, फिलिपिन्समधलं मनिला, पुन्हा अलीशी गाठ. सकाळची लढत, आत भट्टीसारखा उकाडा. जोच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्या डोळ्यानं त्याला जवळपास दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं वर्षानुवर्षं लपवली होती. चौदाव्या फेरीअखेर उजवा डोळाही सुजून मिटला. जोचे उस्ताद एडी फच यांनी त्याला बसवलं, लढत थांबवली. जो ‘नको’ म्हणत होता. तिकडं अली नंतर म्हणाला, मरणाच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो.

पुढचं आयुष्य फिलाडेल्फियातल्या स्वतःच्या तालमीत, पोरं घडवण्यात गेलं. बरीच वर्षं तो तालमीच्या वरच राहायचा. अलीवरचा राग मात्र सहजासहजी निवला नाही. ७ नोव्हेंबर २०११ ला यकृताच्या कर्करोगानं तो गेला. अंत्यविधीला कंपवातानं थकलेला अली आला, आणि सगळ्यांबरोबर उभा राहून त्यानं टाळ्या वाजवल्या.

हां, मागून कुणी विचारतंय का? मोठ्यानं बोल बाळा. ...पैसा आल्यावर हात सरळ झाला का? नाही रे. शेवटपर्यंत दुमडलेलाच होता.