भेग पाडणारी माती, भेग अडवणारी माती

[दृश्य: मे महिना. मंगळवेढ्याजवळचं काळं रान. भेगेत उभी घातलेली काठी.]

उन्हाळ्यात या रानात उभं राहिलं की पायाखाली भेगाच भेगा. काठी घातली तर अर्धीअधिक आत जाते. मृगाचा पाऊस पडला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि चपलेला असा चिखल धरतो की पाय उचलवत नाही. पुढे थंडीत याच मातीनं धरलेल्या ओलीवर शाळू पोसतो.

हे फुगणं आणि आकसणं येतं स्मेक्टाइट गटातल्या खनिजांमुळे. त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं मॉन्टमोरिलोनाइट. १८४७ साली फ्रान्समधल्या मॉन्टमोरियाँ गावावरून त्याला हे नाव मिळालं. आपल्या शेतकऱ्यानं त्याच्या कितीतरी पिढ्या आधी त्या मातीचा स्वभाव ओळखला होता, पण नावं देणारे नेहमी दुसरेच असतात.

[दृश्य: सोलापुरातलं चादरींचं दुकान. छतापर्यंत लागलेली चवड.]

ही चवड बघा. मॉन्टमोरिलोनाइटचा कण असाच असतो, पातळ पत्र्यांची चवड. एक पत्रा साधारण १ नॅनोमीटर जाड. आपला केस त्याच्या सुमारे ८०,००० पट जाड. पत्र्यांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन असतात. पाणी तिथं शिरतं, पत्रे दूर सरतात, माती फुगते. आणि सगळे पत्रे सुटे झाले, तर एका ग्रॅम मातीचं पृष्ठफळ ७०० चौरस मीटरच्या वर जातं. चिमूटभर माती, आणि पसरली तर अख्खं अंगण पुरत नाही.

अशी माती रबर-प्लास्टिकच्या कारखान्यातही वापरतात. तिथं जाते ती माती मात्र या रानातली नाही. ती बेंटोनाइटच्या, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट भरपूर असलेल्या मातीच्या खाणीतली, शुद्ध केलेली. आपल्याकडे कच्छमध्ये बेंटोनाइटचे मोठे साठे आहेत.

[दृश्य: कारच्या दरवाज्याची काळी पट्टी, बोटानं दाबलेली.]

ही पट्टी रबरासारखी दबते, पण वितळवून पुन्हा साच्यात घालता येते. अशा मालात अनेकदा बादल्या-खुर्च्यांचं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक आणि ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर एकत्र असतं. मिसळतानाच रबर पिकवलं, म्हणजे व्हल्कनाइज केलं, की त्याचे मायक्रोनभर गोळे होतात आणि ते प्लास्टिकमध्ये रुतून बसतात. अडचण एवढीच, की या दोघांचं मुळात फारसं जमत नाही. ढवळणं थांबलं की कच्च्या रबराचे थेंब पुन्हा एकमेकांत मिसळायला लागतात.

इथं मातीचे पत्रे कामाला येतात. ते दोघांच्या सीमेवर जाऊन बसले, तर थेंबांना जवळ येऊ देत नाहीत. प्लास्टिकमध्ये पसरले, तर माल ताठ होतो. हवा आणि तेल आरपार जायला निघालं, तर प्रत्येक पत्र्याला वळसा घालावा लागतो, म्हणून झिरपणं कमी होतं. रबराला ताकद देणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, १०० भाग रबराला ४०-५० भाग घालावं लागतं. ही माती ३ ते ५ टक्क्यांतच फरक दाखवते. टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये ५ टक्क्यांहून कमी माती घातली, तेव्हा भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ अंशांवरून १५० च्या आसपास गेलं. नॅनोक्लेचा, म्हणजे अशा नॅनोमीटरभर जाड पत्र्यांच्या मातीचा, खरा बोलबाला तिथून सुरू झाला.

पण मातीला पाणी आवडतं, पॉलिप्रॉपिलीनला नाही. म्हणून सोडियम काढून त्या जागी लांब शेपटीचे अमोनियम क्षार बसवतात. शिवाय दोघांना जोडणारं, मलेइक अॅनहायड्राइड लावलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं घालतात. त्या क्षारांचा एक उपद्व्याप आहे. ते रबर लवकर पिकवतात. बेताचं पिकलं तर वेळ वाचतो, नाहीतर माल साच्यात जायच्या आधीच कंपाउंड, म्हणजे मिसळलेला कच्चा माल, पिकून बसतो. याला स्कॉर्च होणं म्हणतात. २०० अंशांच्या आसपास हे क्षार स्वतःच मोडायला लागतात.

[दृश्य: टू-रोल मिल. दोन रोल वेगवेगळ्या गतीनं फिरताहेत.]

दोन रोलांच्या गतीतला हा फरक महत्त्वाचा. त्यानंच कंपाउंड ताणलं जातं आणि चवडीतले पत्रे एकमेकांवरून सरकतात. कारागीर सुरीनं पट्टा कापतो, घडी घालतो, पुन्हा रोलांत सोडतो. कापणं, घडी, पुन्हा कापणं. कंटाळवाणं काम आहे, पण इथं आळस केला की पुढचं सगळं बिघडतं.

[दृश्य: मशिनच्या जबड्यांत डंबेलच्या आकाराचा नमुना.]

नमुना ताणला जातोय. ३ टक्के मातीचा नमुना बिनमातीच्या नमुन्यापेक्षा जास्त जोर घेतो, पण लांबतो कमी. मऊपणाच हवा असेल, तर हा सौदा महागात पडतो. आता ८ टक्क्यांचा. वाटतं, हा आणखी दणकट निघेल.

तुटला. आधीच्यापेक्षा लवकर.

[दृश्य: तुटलेलं टोक, भिंगाखाली.]

हा पांढरा ठिपका दिसतोय? पिठल्यात बेसनाची गुठळी राहावी, तशी ही न सुटलेल्या पत्र्यांची गुठळी आहे. भेग इथूनच सुरू झाली.