पाच नंबरच्या बसमधून उतरलेलं गाणं

(दृश्य: लिव्हरपूलचा वूल्टन भाग. रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, जोडघरांची रांग.)

लिव्हरपूल. मेन्लव्ह अव्हेन्यू, घर क्रमांक २५१. घराचं नाव मेंडिप्स. बीटल्स या इंग्लिश बँडचा गायक-गीतकार जॉन लेनन पाच वर्षांचा असताना इथे मिमी मावशीकडे राहायला आला आणि विशी उलटून गेली तरी हाच त्याचा पत्ता होता. १५ जुलै १९५८ रोजी त्याची आई ज्युलिया याच घरून निघाली आणि समोरचा रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेत गेली. लेनन तेव्हा सतरा वर्षांचा होता.

१९६५ च्या ऑक्टोबरात त्यानं पंचविशी गाठली आणि त्याच महिन्यात बीटल्सनी ‘इन माय लाइफ’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. लांबी जेमतेम अडीच मिनिटं. गावाकडच्या तरुणपणाची आठवण काढणारी गाणी पुढे रॉकमध्ये अमाप आली. या गाण्याचं वेगळेपण असं की ते गावाची नावं लिहून सुरू झालं आणि ती सगळी नावं खोडून पूर्ण झालं.

(दृश्य: हस्तलिखिताचा कागद. खाडाखोड केलेल्या ओळी.)

१९६४ मध्ये लेननचं एक छोटं पुस्तक आलं होतं. त्यानिमित्त भेटलेले पत्रकार केनेथ ऑलसॉप यांनी त्याला विचारलं की, लहानपणाबद्दल तू जे या पुस्तकात लिहितोस ते तुझ्या गाण्यांत का येत नाही? तोवर बीटल्सची गाणी म्हणजे मी, तू आणि प्रेम. प्रश्न लेननच्या मनात राहिला. पुढे त्यानं कागद घेतला आणि मेन्लव्ह अव्हेन्यूपासून शहरापर्यंतचा बसचा रस्ता लिहायला घेतला.

तो कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावरचा प्रवास असा: पेनी लेन हा रस्ता, चर्च रोडनं वर घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत, ॲबी सिनेमा, ट्राम नसलेल्या ट्रामशेड, पाच नंबरची बस, डच कॅफे, आणि शेवटी गोदीकामगारांची ‘छत्री’. ही छत्री म्हणजे लिव्हरपूलची उन्नत रेल्वे. १८९३ मध्ये सुरू झालेली, खांबांवरून गोदीच्या कडेकडेनं धावणारी. पावसात कामगार तिच्याखालून कोरडे चालत जायचे. ३० डिसेंबर १९५६ रोजी ती बंद झाली आणि मग पाडली गेली. शहरातली शेवटची ट्राम सप्टेंबर १९५७ मध्ये धावली. लेनन हे लिहीत होता तेव्हा त्याच्या यादीतल्या दोन गोष्टी गावातून कधीच पुसल्या गेल्या होत्या.

यादी खरी होती, नेमकी होती, तरी गाणं होईना. पुढे १९८० च्या मुलाखतीत त्यानं स्वतःच तिला शाळेतल्या ‘सुट्टीत मी काय केलं’ छापाच्या निबंधात बसवलं. गावावर गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो, म्हणून तो कशामुळे पडतो ते पाहू. एक म्हणजे थांब्यांच्या यादीत प्रत्येक थांब्याचं वजन सारखं पडतं. सिनेमाघराला एक ओळ, मनोऱ्याला एक ओळ. कान कुठे थांबावा हे कळत नाही. दुसरं म्हणजे बस पुढे पुढे जाते, आणि आठवण एकाच जागी फिरून फिरून येते. यमक जुळलं तरी चालीला परत यायला घर सापडत नाही. आणि ज्यानं वेव्हरट्रीचा तो मनोरा पाहिलेला नाही, त्याच्यासाठी मनोरा हा फक्त मनोरा.

लेननच्या सांगण्यानुसार त्यानं प्रयत्न सोडून दिला, आडवा झाला, आणि मग ओळी येऊ लागल्या. नावं गेली. उरलं ते एवढंच: काही ठिकाणं बदलली, काही गेली, काही उरली. जुन्या मित्रांमध्ये काही हयात, काही नाहीत. बालमित्र पीट शॉटननं पुढे सांगितलं की, या मित्रांच्या ओळीत लेननच्या मनात दोघे होते: शॉटन आणि स्टुअर्ट सटक्लिफ. सटक्लिफ हा बीटल्सचा सुरुवातीचा बास गिटारवादक. एप्रिल १९६२ मध्ये हॅम्बुर्गला वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला. गाण्यात त्याचं नाव नाही, आणि नाही तेच बरं. नाव आलं असतं तर ऐकणाऱ्याला तिथे आपला माणूस ठेवता आला नसता. रिकाम्या ट्रामशेडची ओळ मात्र गेली याची हळहळ वाटते. त्या खर्ड्यातली ती सर्वांत जिवंत ओळ होती.

आणखी एक बदल झाला, आणि बॅलड, म्हणजे संथ भावगीत, म्हणून गाणं उभं राहिलं ते त्यामुळे. गाण्याचा उत्तरार्ध आठवणीतून बाहेर येतो आणि समोरच्या माणसाशी बोलू लागतो: हे सगळं प्रिय आहे, पण तू जास्त. भूतकाळाला वर्तमानाची टेकण मिळाली. नुसत्या गतकाळावर चाललेली गाणी तिसऱ्या कडव्यापर्यंत ओली, जड होतात. हे तसं होत नाही.

चाल कोणाची, यावर लेनन आणि बीटल्समधला त्याचा सहगीतकार पॉल मॅकार्टनी या दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. लेननच्या मते मॅकार्टनीनं मधल्या भागाला हात लावला. मॅकार्टनीच्या मते शब्द लेननचे, पण जवळजवळ पूर्ण चाल त्यानं लेननच्या घरी मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्यावर बसवली, आणि डोक्यात अमेरिकी गायक स्मोकी रॉबिन्सन होता. संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन आणि गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी सहकाऱ्यासह दोघांच्या १९६२ ते १९६६ मधल्या गाण्यांतली सुरांची आणि कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) वळणं मोजली. त्यांच्या हिशेबात कडव्याची चाल लेननकडे झुकते. मधल्या भागाबद्दल तितकी खात्री देता येत नाही.

(दृश्य: हार्मोनियमच्या पट्ट्या, जवळून.)

आता चालीकडे. गाणं ए मेजरमध्ये आहे. घरी हार्मोनियम असेल तर पांढरी सहा हा सा धरा. कडव्याची अर्धी बाजू चार मापांची, प्रत्येक माप चार ठोक्यांचं. पहिल्या तीन मापांत दोन-दोन ठोक्यांना कॉर्ड बदलतो, चौथं माप सा-च्या कॉर्डवर विसावतं. क्रम असा: सा ग प; मग प नि रे; मग ध सा ग; मग सा ग प आणि त्यात कोमल निषाद. तिसऱ्या मापात म ध सा. लगेच त्याच बोटांत धैवत कोमल करून पुन्हा म ध सा. आणि परत सा ग प.

शेवटच्या चार कॉर्डमधून फक्त एक-एक स्वर वेचून वाजवा. कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरणारी ओळ मिळते. शब्द ‘आठवतं’ म्हणत असताना तळातून ही ओळ हळूच खाली येते. गाण्याची हुरहूर इथे आहे, विशेषतः त्या कोमल धैवतात. नवशिक्यांसाठीच्या सोप्या कॉर्डमध्ये तिसऱ्या मापात कोमल धैवत गाळून शुद्ध धैवतच चार ठोके धरतात. बोटांना सोपं, पण ती उतरण तुटते आणि उरतं एक गोड, साधं गाणं. कोमल धैवताचे दोन ठोके पूर्ण द्या. घाई केली तर तो चुकून लागल्यासारखा वाटतो.

मधल्या भागात प्रत्येक कॉर्डला पूर्ण माप मिळतं, आणि मित्रांच्या ओळीत या जागेची मोठी आवृत्ती येते. तिथे रे, तीव्र मध्यम, धैवत असा कॉर्ड लागतो. त्यानंतर शुद्ध मध्यम आणि कोमल धैवताचा. मग सा ग प. म्हणजे एकाच वेळी दोन धागे उतरतात. तीव्र म, शुद्ध म, ग हा एक. शुद्ध ध, कोमल ध, प हा दुसरा. गेलेले आणि हयात मित्र नेमके या उतरणीवर येतात. एकानं हार्मोनियमवर दोन्ही धागे धरावेत आणि दुसऱ्यानं गावं, म्हणजे चाल कुठे पोटात शिरते ते कळतं.

(दृश्य: ॲबी रोडवरचा स्टुडिओ. फितीची मोठी चाकं.)

१८ ऑक्टोबर १९६५, सोमवार. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआय स्टुडिओ. नाताळच्या आत अल्बम बाजारात यायला हवा होता, म्हणून महिनाभरात सगळं उरकायचं होतं. तालाचा ट्रॅक तिसऱ्या टेकला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, पक्का झाला. सुरुवातीची गिटारची छोटी ओळ पंचमाच्या कॉर्डवर थांबते, त्यामुळे कडवं सुरू झाल्याशिवाय कानाला चैन पडत नाही. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार ठेका भरून टाकत नाही, मोकळ्या जागा ठेवतो. वर डफलीसारखा टॅम्बरिन. आणि मध्ये, गायन थांबतं तिथे, आठ मापं रिकामी ठेवली, कारण तिथे काय वाजवायचं हे ठरलं नव्हतं.

लेननला तिथे बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय, संगीतासारखं काहीतरी हवं होतं. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी शुक्रवारी, २२ ऑक्टोबरला, ती जागा भरली. आधी त्यांनी हॅमंड ऑर्गन हा विजेवरचा ऑर्गन वापरून पाहिला. तो बसला नाही. मग जर्मन संगीतकार बाख यांच्या वळणाचा एक तुकडा पियानोसाठी रचला. पण तो गाण्याच्या वेगात हवा तसा स्वच्छ वाजवणं कठीण होतं. मार्ग असा काढला: फीत निम्म्या वेगानं चालवायची, म्हणजे सेकंदाला पंधरा इंचांऐवजी साडेसात. पियानो निम्म्या लयीत, एक सप्तक खाली वाजवायचा. नंतर फीत नेहमीच्या वेगानं सोडली की लय दुप्पट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक वर चढून जागेवर येतात.

या युक्तीनं अडचण सुटलीच, शिवाय एक नवं वाद्यही मिळालं. पियानोच्या तारेवर हातोडी पडते तो क्षण निम्मा छोटा होतो, म्हणून आघात टोकदार लागतो. स्वराची शेपूट निम्म्या वेळात संपते. परिणामी पियानो हार्पसिकॉर्डसारखा, म्हणजे तारा छेडणाऱ्या जुन्या पट्टीवाद्यासारखा, ऐकू येतो. अनेकजण आजही तो हार्पसिकॉर्डच समजतात.

हे आज घरच्या संगणकावर करता येतं. गाण्याची लय मिनिटाला सुमारे १०३ ठोके. आठ मापं म्हणजे बत्तीस ठोके, साधारण साडेअठरा सेकंद. तुम्ही वाजवायचं मिनिटाला ५१.५ ठोक्यांवर, सदतीस सेकंद, एक सप्तक खाली. मग ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय निवडून वेग दुप्पट करा. सर्वाधिक फसगत इथेच होते. फक्त लय बदलणारा पर्याय घेतला तर स्वर खालीच राहतात. फक्त स्वर चढवणारा घेतला तर लय रेंगाळते. दोन्ही पर्याय पाठोपाठ वापरले तर सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडतं आणि आघाताची ती टोकदार धार बोथट होते.

५१.५ ऐवजी ५१ वर ठोका लावला तर दुप्पट झाल्यावर १०२ होतो. बत्तीस ठोक्यांअखेर पियानो जवळपास एक तृतीयांश ठोका मागे पडतो, आणि गायन परत येतं तिथे ठेच लागते. स्वर लांबवणारं सस्टेनचं पेडल शक्यतो टाळा. खालच्या सप्तकातले स्वर एकमेकांत मिसळतात आणि वेग वाढल्यावर चिखल होतो. खोलीचा घुमारा मुद्रणात घेऊ नका, कारण तोही निम्मा होतो आणि पियानो डब्यात बसल्यासारखा वाटतो. कृत्रिम घुमारा द्यायचा तो वेग दुप्पट केल्यानंतर. कणस्वर नेहमीच्या चपळाईनं घेतलेत तर ते ऐकूच येत नाहीत; दुप्पट सावकाश घ्या. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण चढून १०० वर जाते, म्हणजे आधी न जाणवलेली आता कानाला लागते. तारा आधी तपासा. आणि मनाची तयारी ठेवा की साथीचा ट्रॅक तुम्हाला निम्म्या वेगात, सप्तकभर खाली, जडशीळ ऐकू येणार आहे. त्याच्यावर हलकं, नाचरं वाजवायचं आहे. त्यात चांगली बाजूही आहे: हात ४० मिलिसेकंदांनी चुकला तर शेवटी चूक २० चीच उरते.

‘रबर सोल’ हा अल्बम ३ डिसेंबर १९६५ रोजी ब्रिटनमध्ये आला. बसमधून उतरवलेली पेनी लेन १९६७ च्या फेब्रुवारीत मॅकार्टनीच्या स्वतंत्र गाण्यात परतली, न्हाव्याच्या दुकानासह, भरगच्च तपशिलांनिशी. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला लेननचं लिव्हरपूल होतं, त्याच्या घराजवळचं स्ट्रॉबेरी फील्ड हे मुलांच्या आश्रमाचं आवार. नावं घेऊनही गाणी होतात, हे दोघांनी दाखवलं. पण तिथे एका जागेला पूर्ण गाणं मिळालं आहे, एक ओळ नाही.

(दृश्य: १९७४ च्या अमेरिका-कॅनडा दौऱ्याची छायाचित्रं.)

‘इन माय लाइफ’ बीटल्सनी मैफलीत कधी गायलं नाही. ते रंगमंचावर आणलं बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसननं, १९७४ च्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात. त्या दौऱ्यात पंडित रविशंकर आणि त्यांच्यासोबत अल्ला रखा, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, लक्ष्मी शंकर अशी मंडळी होती. लेननच्या मूळ खर्ड्यातली पाच नंबरची बस गाण्यात राहिली असती, तर हॅरिसनला दुसऱ्याचा रस्ता गावा लागला असता. रस्ता खोडलेला होता. हॅरिसननं शेवटची ओळ तेवढी बदलली आणि प्रेयसीच्या जागी देवाला ठेवलं.