कोर्ट नाक्यावरची पीडीएफ

ठाण्याचा कोर्ट नाका, सकाळची वेळ. झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काउंटरच्या काचेवर एक मोबाईल नंबर चिकटवलेला. "याच्यावर पाठवा," दुकानदार मान वर न करता सांगतो. पक्षकार वकिलांकडून आलेली पीडीएफ पाठवतो, प्रिंट घेतो आणि धावतपळत कोर्टाचं फाटक गाठतो.

फाइल दुकानातच राहते.

(दृश्य: संगणकाचा पडदा)

डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एकाखाली एक नावं. पोटगीचा अर्ज. बँक स्टेटमेंट. आधार कार्ड. पुढचं गिऱ्हाईक जरा वाकलं, तरी सहज वाचू शकेल.

वकिलाला सांगितलेलं वकिलापाशीच राहावं, ही तरतूद १८७२च्या पुरावा कायद्यातही होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम १३२मध्ये आहे. अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाला त्याची गोष्ट उघड करता येत नाही, काम संपल्यानंतरही नाही. वकिलाचा कारकून आणि दुभाषी यांनाही तेच बंधन. बेकायदा हेतूनं झालेल्या बोलण्याला हे संरक्षण मिळत नाही, आणि मिळूही नये.

पण झेरॉक्सवाला या बंधनात येत नाही. भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही येत नाही. आणि घरातला लॅपटॉप तर नाहीच.

समजा, कोपरखैरण्यातली एक बाई घटस्फोटाचा विचार करते आहे. वकीलबाईंशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरं. मात्र मुलाच्या शाळेच्या कामासाठी कधीतरी तिचं व्हॉट्सअ‍ॅप घरच्या लॅपटॉपला जोडलं होतं, ते तसंच राहिलंय. रात्री आतल्या खोलीत तिनं लिहिलेलं, "दागिने आईकडे ठेवलेत, चालेल ना?" हे वाक्य त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर उमटतं. नवरा तिथेच बसलेला असतो. कागदांचे फोटोही तसेच: दोघांच्या फोनवर गूगलचं खातं एकच असेल, तर ते त्याच्याही फोनवर पोचू शकतात.

म्हणून वकिलांना पहिला शब्द लिहिण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथे जे जोडलेलं दिसेल, ते काढून टाका. गूगलचं खातं वेगळं करा, पासवर्ड नवा ठेवा. खरंच नाजूक गोष्ट असेल, तर ती लिहूच नका. वेळ घ्या आणि समोर बसून सांगा. वाशीहून ठाण्याला ट्रान्सहार्बर लोकलनं जाता येतं. तेवढी खेप वाया जात नाही.

महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना आणखी एक कळकळीची विनंती. भांडण कंपनीशीच असेल, तर कंपनीच्या मेलवरून वकिलांना एक ओळही लिहू नका. तो मेल तपासण्याचा हक्क कंपन्या सहसा स्वतःकडे ठेवतात.

दुकानात प्रिंट काढायचीच असेल, तर पेनड्राइव्ह न्या. फाइल पाठवलीच, तर ती समोर डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. यात संकोच कसला? आधारची प्रत लागली आणि चालत असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी, मास्क केलेली द्या.

आणि इंटरनेटवर सल्ला देणारा प्रत्येक जण वकील नसतो. कलम १३२ वकिलाला लागू आहे, स्वतःला सल्लागार म्हणवणाऱ्या कुणालाही नाही. आधी सनद क्रमांक, म्हणजे वकील म्हणून झालेल्या नोंदणीचा नंबर, विचारा, तो बार कौन्सिलकडे पडताळा. तोवर फक्त नाव आणि वाद कशाचा आहे, एवढंच सांगा. कागद नंतर.