हर्शी बेअर्स इतकी वर्षं का टिकले?

नमस्कार मंडळी!

अमेरिकेत दुय्यम लीगचे आईस हॉकी संघ सतत गावं बदलतात. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीची वस्ती सुमारे १४,०००, तरी तिथला बेअर्स हा संघ १९३८ पासून अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, गाव न सोडता खेळतो आहे. या लीगमध्ये इतका जुना दुसरा संघ नाही. याचं श्रेय खेळाडूंइतकंच मालकीला आहे, असं आमचं ठाम मत आहे.

चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शी यांच्या गावात १९३२ साली हौशी संघ सुरू झाला. त्याचं आधीचं नाव चॉकलेटच्या वडीची जाहिरात वाटे, म्हणून १९३६ मध्ये ते 'बेअर्स' झालं. त्याच वर्षी मोठं सभागृह उभं राहिलं. अभियंता अँटन टेडेस्को यांनी त्यावर काही इंच जाडीचं काँक्रीटचं कवच घातलं, आत एकही खांब नाही. (२ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण केले, ते इथेच.) २००२ पासून सामने जायंट सेंटरमध्ये होतात. तिथे साधारण १०,५०० प्रेक्षक बसतात.

आता मालकीचं. एनएचएल ही आईस हॉकीची सर्वात वरची लीग. तिचा प्रत्येक मोठा संघ आपले तरुण खेळाडू एएचएलमध्ये तयार करतो. दुय्यम संघ त्या मोठ्या संघाच्याच मालकीचा असेल, तर सोयीप्रमाणे तो उचलून दुसरीकडे नेता येतो. २०१५ मध्ये असे पाच संघ एकदम कॅलिफोर्नियाला गेले. बेअर्सची मालकी मात्र मिल्टन हर्शी यांनी स्थापलेल्या हर्शी ट्रस्टच्याच कंपनीकडे आहे. त्यामुळे एनएचएलमधले भागीदार संघ बदलले तरी संघ हलला नाही: फिलाडेल्फिया गेला, कोलोरॅडो आला, २००५ पासून वॉशिंग्टन कॅपिटल्स आहे.

या व्यवस्थेतली अडचणही समजून घ्या. कॅपिटल्सचा कोणी जखमी झाला की हर्शीचा उत्तम खेळाडू वर बोलावला जातो. ती जागा बहुतेकदा ईसीएचएल या एएचएलखालच्या लीगमधल्या खेळाडूने भरावी लागते. शिवाय एएचएलच्या नियमाप्रमाणे गोलरक्षक सोडून सामन्याला उतरणाऱ्या १८ जणांपैकी किमान १३ जण कमी अनुभवाचे हवेत: १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० पर्यंत आणि एकाचे ३२० पर्यंत. उरतात फक्त पाच जागा, त्या कोणाला द्यायच्या यावर मोसम ठरतो. हर्शी इथे स्वतःच्या पैशाने मुरलेले खेळाडू घेतो. ज्याचा करार फक्त एएचएलचा आहे, त्याला एनएचएलचा करार केल्याशिवाय वर नेता येत नाही, त्यामुळे तो संघात टिकतो.

फळ डोळ्यांसमोर आहे. बेअर्सच्या नावावर १३ कॅल्डर चषक, म्हणजे एएचएलची विजेतेपदं, आहेत. १९८८ मध्ये बाद फेरीतले बाराच्या बारा सामने जिंकले. २००९-१० मध्ये ६० विजयांचा लीग विक्रम झाला आणि चषकही आला. २०२३ ची कोचेला व्हॅली संघाविरुद्धची अंतिम मालिका बेअर्सने सातव्या सामन्याच्या जादा वेळेत माईक व्हेक्कियोनीच्या गोलने जिंकली, तर २०२४ ला पुन्हा त्याच संघाला हरवलं. वॉशिंग्टनने २०१८ मध्ये एनएचएलचा स्टॅन्ले चषक पहिल्यांदा घेतला, तेव्हाचे ब्रेडन होल्टबी, जॉन कार्लसन आणि जे बीगल हर्शीतूनच वर गेलेले. फ्रँक मॅथर्स यांचं नाव मात्र सगळ्यांच्या आधी घ्यायला हवं. १९५६ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आले आणि १९९१ पर्यंत वेगवेगळ्या पदांवर त्यांनी संघ सांभाळला.

मुलांना सामना दाखवायचा असेल तर टेडी फेकण्याचा दिवस निवडा. हर्शीचा पहिला गोल झाला की सगळे मऊ खेळणी बर्फावर फेकतात, खेळ थांबतो, ती गोळा होतात आणि स्थानिक सेवासंस्थांना जातात. जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३ खेळणी जमली होती. खेळणं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर बर्फावर भिजतं. पहिला गोल उशिरा झाला तर तोवर ते मांडीवर सांभाळावं लागतं, म्हणून लहानग्यांना फार मोठं अस्वल देऊ नका.